विश्लेषण : पावसाळी मासेमारी बंदीचे यश मार्च ते मे या तीन महिन्यांतच का ठरते?

कोकण किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. या बंदीची चर्चा मे महिन्याच्या शेवटी सुरू होते. पण बंदीत राखायची ती मासळी होळीपासूनच, तीही किनाऱ्याला लागून असलेल्या उथळ पाण्यात, मोठ्या प्रमाणावर उचलली जात असेल तर बंदीचा उपयोग किती? एलईडी, पर्ससीन, लहान आसाची जाळी आणि अपुरी गस्त हे सगळे वाद याच एका प्रश्नाभोवती फिरतात.

दुसरबीडच्या वाचकाचा समुद्राशी काय संबंध?

बुलढाणा जिल्ह्यात खारे पाणी म्हटले की लोणार आठवते आणि मासा म्हटला की खडकपूर्णेच्या धरणातला रोहू-कटला. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडसारख्या गावात समुद्राची मासळी कित्येक पिढ्यांपासून येते ती सुकट, जवळा आणि सुक्या बोंबलाच्या रूपाने. आठवडी बाजारात मिरची-हळदीच्या दुकानाशेजारी पोत्यावर मांडलेला हा माल पालघर, मुंबई, रायगडच्या किनाऱ्यावर उन्हात वाळलेला असतो. पावसाळ्यात भाजी महागली की अनेक घरांत चटणीला सुकटच लागते.

या मालाचा मोठा भाग होळी ते मे अखेर या काळात किनाऱ्याजवळच्या पाण्यातून येतो आणि एप्रिल-मेच्या कडक उन्हात वाळवला जातो. कोळीवाड्यांत पावसाळ्याआधीच्या या साठवणीला ‘आगोटची बेगमी’ म्हणतात. म्हणजे किनाऱ्यावरचा उन्हाळी हंगाम बिघडला की त्याचा परिणाम विदर्भाच्या बाजारातल्या पोत्यापर्यंत येतो. समृद्धी महामार्गाचा ७०१ किलोमीटरचा संपूर्ण टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यामुळे बर्फातली ताजी मासळीही आता सिंदखेडराजा परिसराला पूर्वीइतकी दूर राहिलेली नाही. ग्राहक वाढला की मागणी वाढते आणि मागणी वाढली की जाळ्यावरचा ताणही वाढतो.

होळी ते मे या काळात किनाऱ्याजवळ कोणती मासेमारी चालते?

शिमग्याला बोटी किनाऱ्याला लागतात, सण होतो आणि मग पावसाआधीचा शेवटचा हंगाम सुरू होतो. पालघर, मुंबई आणि रायगडच्या पट्ट्यात डोल जाळ्याची मासेमारी मोठी. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना बांधलेले हे पिशवीसारखे जाळे. त्याचे तोंड भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे असते आणि प्रवाहाबरोबर आलेली मासळी आत शिरते. त्यामुळे अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला डोल चांगली भरते, मधल्या भांगाच्या दिवसांत पाणी मंद झाले की कमी भरते. बोंबील, जवळा, मांदेली, करंदी ही डोलीची मुख्य मासळी. वलांडीवर वाळत टाकलेले बोंबील बहुतेक याच जाळ्यातले.

दक्षिणेकडे, विशेषतः सिंधुदुर्गात रापण चालते. होडीतून जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून कित्येक जणांनी मिळून ओढायचे. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. त्यात जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. याशिवाय कांडाळी, गर टाकून केलेली मासेमारी, खाडीतले पाग, कालवे-तिसऱ्या गोळा करणे ही कामे आहेत. यातली बरीच कामे बायका करतात. मासळी निवडणे, वाळवणे आणि विकणे तर जवळजवळ पूर्णपणे त्यांच्याच हाती असते.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. डोल, रापण, कांडाळी यांपैकी कोणालाच मासळीच्या मागे खोल समुद्रात जाता येत नाही. मासळी किनाऱ्याजवळ आली तरच त्यांच्या वाट्याला येते. ती बाहेरच अडवली गेली तर त्यांची चूल पेटत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या २०१० च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावे आणि सुमारे ३ लाख ८६ हजार मच्छीमार लोकसंख्या होती. त्यात मोठ्या नौकांचे मालक थोडे. बाकी खलाशी, लहान होडीवाले आणि विक्रेत्या.

उन्हाळ्यात मासळी कमी का मिळते?

याचे एक कारण समुद्राच्या पाण्यात आहे. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्राचे वरचे पाणी थंड होऊन खाली जाते आणि खालचे पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यावर लहान जीव आणि त्यांवर मासे. मार्चनंतर ऊन वाढते. वरचा थर तापतो, हलका होतो आणि खालच्या थंड पाण्यात मिसळेनासा होतो. पावसाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्र जगातल्या सर्वांत उष्ण समुद्रांपैकी एक असतो. वरच्या थरातले पोषण संपत जाते, काही मासळी खोल जाते, काही थंड पाण्याकडे सरकते. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की पाणी पुन्हा घुसळले जाते आणि चक्र नव्याने सुरू होते.

दुसरे कारण आर्थिक आहे. सप्टेंबर ते डिसेंबर हा कमाईचा काळ. त्यानंतर मासळी विरळ होत जाते, पण डिझेल, बर्फ, खलाशांची उचल आणि कर्जाचा हप्ता कमी होत नाही. समोर दोन महिन्यांची बंदी दिसत असते. अशा वेळी शेवटच्या काही फेऱ्यांत जमेल तेवढे मिळवण्याचा दबाव वाढतो. जाळ्याचा आस बारीक होतो, दिवे लागतात, मोठ्या नौका किनाऱ्याच्या जवळ येतात. समुद्रात मासळी सर्वांत कमी असते, त्याच काळात ती पकडण्याची धडपड सर्वांत जास्त होते.

बंदी कशासाठी आणि कोणाला लागू?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे प्रत्येकी ६१ दिवस बंदी असते. अनेक जातींची मासळी पावसाळ्याच्या आसपास अंडी घालते, तिला मोकळीक मिळावी हा एक हेतू. खवळलेल्या समुद्रात जीवितहानी होऊ नये हा दुसरा. बंदी यांत्रिक नौकांना लागू आहे. इंजिनाविना चालणाऱ्या पारंपरिक होड्यांना सूट असते.

पूर्वी महाराष्ट्रात बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जे आधी येईल त्या दिवसापर्यंत असे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करूनच होडी लोटायची, ही जुनी रीत त्यामागे होती. बंदी पुन्हा ऑगस्टच्या मध्यापर्यंत न्यावी, अशी अनेक पारंपरिक मच्छीमार संघटनांची मागणी आहे.

पण बंदी किती दिवसांची असावी, या वादात एक साधी गोष्ट मागे पडते. बंदीत अंडी घालणार ती ३१ मे रोजी पाण्यात शिल्लक असलेली मासळी. शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मृगाआधी घरातले सोयाबीनचे बियाणेच विकून टाकले तर पाऊस कितीही चांगला झाला तरी पेरायचे काय? मार्च ते मे या काळात किनाऱ्याजवळ पकडली जाणारी कोवळी आणि अंडी धरलेली मासळी म्हणजे समुद्राचे हेच बियाणे आहे.

पर्ससीन आणि एलईडीवरून वाद कशाचा?

पर्ससीन हे मोठे जाळे मासळीच्या थव्याभोवती वर्तुळात सोडले जाते आणि खालचा दोर आवळून बटव्यासारखे बंद केले जाते. बांगडा, तारली यांसारखी थव्याने फिरणारी मासळी त्यात संपूर्ण थव्यासह सापडते. रापणकारांना अनेक दिवसांत मिळेल त्याहून जास्त मासळी एका फेरीत निघू शकते. थवा किनाऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही तर रापण रिकामी येते.

डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढून पर्ससीनवर निर्बंध आणले. राज्याच्या जलधी क्षेत्रात पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच काळ देण्यात आला आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे धोरण ठरले. याचा अर्थ १ जानेवारी ते ३१ मे या काळात किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या आत पर्ससीनने केलेली मासेमारी बेकायदा ठरते. उन्हाळ्यातल्या तंट्यांचे मूळ येथे आहे.

एलईडीचा प्रश्न याहून वेगळा आहे. नौकेवर जनित्र बसवून रात्री शक्तिशाली दिव्यांचा झोत पाण्यावर सोडला जातो. प्रकाशाकडे आधी सूक्ष्म जीव, मग लहान मासळी, मग माकूल आणि मोठी मासळी ओढली जाते. अंधाऱ्या रात्री हे जास्त प्रभावी ठरते. मासळी शोधण्याचे कष्टच संपतात आणि जाळ्यात लहान-मोठे सगळे येते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे २०० सागरी मैलांपर्यंत, एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी आणि दोन नौकांनी मिळून जाळे ओढण्याची बुल ट्रॉलिंग पद्धत यांवर बंदी घातली. त्यामुळे १२ मैलांच्या आत की बाहेर, हा प्रश्न एलईडीबाबत उरतच नाही. ती दोन्हीकडे बेकायदा आहे.

कायद्यात किती दम आहे?

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. चार दशके त्यातल्या दंडाच्या रकमा इतक्या किरकोळ होत्या, की एका फेरीच्या मासळीतून त्या सहज भरून निघत. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. एलईडी आणि बुल ट्रॉलिंगसाठी ५ लाख ते २० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आली. पर्ससीन आणि ट्रॉलिंगच्या नियमभंगाचे दंडही लाखांत गेले. पूर्वी अशी प्रकरणे तहसीलदारांपुढे चालत. ते अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले.

१२ सागरी मैलांपलीकडचे नियमन मात्र केंद्राच्या अखत्यारीत आहे. राज्यघटनेनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतला विषय असला तरी प्रादेशिक समुद्राबाहेरची मासेमारी केंद्रसूचीत येते. अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित केले. यांत्रिक नौकांना ऑनलाइन प्रवेशपत्र, सहकारी संस्थांना प्राधान्य आणि एलईडीवरील बंदी कायम, ही त्यातली मुख्य सूत्रे. पारंपरिक व लहान होड्यांना प्रवेशपत्रातून वगळले आहे.

पर्ससीनबाबत देशपातळीवरही एकमत नाही. तामिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेश देऊन १२ सागरी मैलांबाहेर आठवड्यातून दोनच दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, तेही सकाळी ८ ते सायंकाळी ६ या वेळेत, अटींसह पर्ससीनला मुभा दिली होती. म्हणजे न्यायालयानेही सरसकट बंदी किंवा सरसकट मोकळीक यांपैकी काहीच न देता मधला मार्ग काढला.

किती लहान मासा पकडायचा नाही?

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. त्यानुसार पापलेटसाठी १३५, बोंबलासाठी १८० आणि सुरमईसाठी ३७० मिलिमीटर ही मर्यादा आहे. हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा तर ज्या फोनवर आपण हा मजकूर वाचत आहात तो पाहा. आजचा बहुतेक स्मार्टफोन १५० ते १६० मिलिमीटर लांब असतो. फोनपेक्षा बोटभर आखूड पापलेट कायद्याने पकडायचाच नाही, सुरमई दोन फोनांपेक्षा लांब हवी आणि बोंबील फोनपेक्षा थोडा मोठा.

पापलेटला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मासा घोषित करण्यात आले. पालघर जिल्ह्यातील सातपाटी हे पापलेटचे जुने केंद्र. तेथील मच्छीमार सहकारी संस्था लहान पापलेटची मासेमारी थांबावी म्हणून अनेक वर्षे आवाज उठवत आहेत. त्यामागे भावना आहे, तसा हिशेबही आहे. पापलेटचा भाव आकारावर ठरतो. किलोत बरीच नगे बसणारा लहान पापलेट कवडीमोलाने जातो. तोच काही महिने पाण्यात राहिला तर मोठ्या आकाराला कित्येक पट भाव मिळतो आणि मधल्या काळात त्याने अंडीही घातलेली असतात.

अडचण अशी, की जाळ्याला मासळीचे नाव कळत नाही. जवळा आणि बोंबलासाठी लावलेल्या बारीक आसाच्या डोलीत पापलेटची पिल्लेही शिरतात. ट्रॉलच्या जाळ्यात नेहमीचा हिऱ्याच्या आकाराचा आस ओढताना ताण पडून मिटतो आणि लहान मासळीला बाहेर पडायला वाट उरत नाही. चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो, म्हणून तज्ज्ञ त्याचा आग्रह धरतात. त्यामुळे दोष फक्त एलईडीवाल्यांचा आहे असे म्हणता येत नाही. बारीक आसाच्या पारंपरिक जाळ्यांनाही या प्रश्नाला उत्तर द्यावे लागेल.

मग अंमलबजावणी कुठे अडते?

पहिली अडचण लांबीची. महाराष्ट्राचा किनारा वर्षानुवर्षे ७२० किलोमीटर सांगितला जात होता. नव्या मोजणीत तो सुमारे ८७८ किलोमीटर भरला. तो १२ सागरी मैलांच्या पट्ट्याने गुणला की मोजक्या गस्तीनौकांना किती पाणी सांभाळायचे आहे, याचा अंदाज येतो. गस्तीनौका दिसली की दिवे मालवले जातात. जाळे पाण्यात असताना पकडले नाही तर गुन्हा सिद्ध करणे कठीण.

दुसरी अडचण हद्दीची. आम्ही १२ मैलांबाहेर केंद्राच्या हद्दीत मासेमारी केली आणि फक्त बंदरात परतत होतो, असा युक्तिवाद पर्ससीन नौकांकडून होतो. नौका नेमकी कुठे होती याची विश्वासार्ह नोंद नसेल तर हा युक्तिवाद खोडता येत नाही. तिसरी अडचण शेजारच्या राज्यांची. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर परराज्यांतील वेगवान ट्रॉलर आत शिरतात, ही तेथील मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. या नौकांची नोंदणी दुसऱ्या राज्यात असल्याने कारवाई लांबते.

यावर उपाय म्हणून राज्य सरकारने ९ जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर नऊ ठिकाणांहून ड्रोनची गस्त सुरू केली. त्यात ससून डॉक, रेवदंडा, मिरकरवाडा, देवगड अशा ठिकाणांचा समावेश आहे. ड्रोनच्या छायाचित्राबरोबर ठिकाण आणि वेळेची नोंद होते. त्यामुळे ‘आम्ही बाहेर होतो’ या युक्तिवादाला पुराव्याने उत्तर देणे शक्य झाले. तरी ड्रोनला बॅटरीची, वाऱ्याची आणि अंतराची मर्यादा असते. उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो आणि एलईडी रात्री लागते. ड्रोन नौकेला थांबवू शकत नाही. त्यासाठी गस्तीनौका आणि मनुष्यबळ लागतेच.

मोठ्या नौकांच्या मालकांचे म्हणणे काय?

त्यांचीही बाजू आहे. सरकारच्याच योजनांतून आणि बँकांच्या कर्जातून या नौका बांधल्या गेल्या. एका पर्ससीन नौकेवर वीस-तीस खलाशी असतात आणि त्यांच्या घरांचा खर्च त्यावर चालतो. चार महिन्यांच्या हंगामात कर्ज फिटत नाही. बांगडा-तारलीसारखी मासळी स्थलांतर करणारी आहे. ती महाराष्ट्रात पकडली नाही तर पुढे कर्नाटकात, गोव्यात पकडली जाते, मग आम्हालाच का रोखता, असा त्यांचा सवाल असतो.

हा सवाल पूर्णपणे चुकीचा नाही. शेजारच्या राज्यांचे नियम जुळले नाहीत तर एका राज्याचा संयम दुसऱ्याच्या फायद्याचा ठरतो. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘म्हणून आम्हीही पकडू’ असा होऊ शकत नाही. पश्चिम किनाऱ्यावरील राज्यांनी उन्हाळ्यातले नियम जुळवायला हवेत.

साठा खरोखर किती ताणला गेला आहे, याचा इशारा २०१९ मध्ये मिळाला होता. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्राची सागरी मासळी २०१८ मधील २.९५ लाख टनांवरून २०१९ मध्ये २.०१ लाख टनांवर आली. ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षीच्या ‘क्यार’ आणि ‘महा’ या वादळांमुळे नौका अनेक दिवस बंदरात राहिल्या, हे त्याचे एक मोठे कारण. पण वादळे वाढणाऱ्या समुद्रात साठा आधीच अशक्त असेल तर एक वाईट वर्ष किती महागात पडते, हेही त्यातून दिसले.

किनाऱ्याजवळचे पाणीच कमी होत आहे का?

मासेमारीच्या पद्धतींवर चर्चा होते, पण मासेमारीच्या जागेवरही ताण आहे. खाड्यांतले प्रदूषण, कांदळवनांची तोड आणि भराव यांमुळे कोवळ्या मासळीची वाढ होणारी ठिकाणे आक्रसतात. खाडी आणि कांदळवन म्हणजे मासळीची रोपवाटिका. अनेक जातींची पिल्ले तेथे लहानाची मोठी होऊन मग समुद्रात जातात.

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या बंदरासाठी समुद्रात मोठा भराव टाकला जाणार आहे. डहाणू ते सातपाटी हा पट्टा पापलेट आणि बोंबलासाठी ओळखला जातो. बंदरामुळे रोजगार आणि व्यापार वाढेल, असे सरकार सांगते. पारंपरिक मासेमारीची जागा आणि मासळीचे मार्ग जातील, अशी मच्छीमारांची भीती आहे. खोल समुद्रात जाऊ शकणाऱ्या नौकेला जागा बदलता येते. डोल लावणाऱ्याची जागा मात्र पिढ्यानपिढ्या ठरलेली असते. ती गेली की त्याला दुसरी मिळत नाही.

बंदीच्या काळात मच्छीमाराचे घर कशावर चालते?

उन्हाळ्यातल्या बेकायदा मासेमारीचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत दारिद्र्यरेषेखालील सक्रिय मच्छीमारांसाठी बचत व मदत योजना आहे. मच्छीमाराने स्वतःचे १,५०० रुपये भरायचे, सरकार ३,००० रुपये घालते आणि हे ४,५०० रुपये मासेमारी बंद असलेल्या तीन महिन्यांत त्याला मिळतात. म्हणजे महिन्याला १,५०० रुपये. त्यातला तिसरा हिस्सा त्याचाच. एवढ्या रकमेवर घर चालत नाही, म्हणून मे महिन्यातली प्रत्येक फेरी जिवावर बेतली तरी सोडवत नाही.

राज्य मंत्रिमंडळाने २२ एप्रिल २०२५ रोजी मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे वीजदर, कर्ज, विमा अशा बाबतींत शेतकऱ्यांप्रमाणे सवलतींचा मार्ग मोकळा झाला. याचा लाभ फक्त किनाऱ्याला नाही. देऊळगाव मही जवळच्या संत चोखासागर जलाशयात, म्हणजे खडकपूर्णा प्रकल्पात मासेमारी करणारे आणि शेततळ्यात मत्स्यपालन करणारेही त्याच निर्णयाच्या कक्षेत येतात. मात्र शेतकऱ्याचा अनुभव असा, की दर्जा मिळणे आणि नुकसानीच्या वेळी पैसे हातात पडणे यांत बरेच अंतर असते. समुद्रात तर पंचनामा करायला उभे पीकही नसते.

पुढे काय व्हायला हवे?

बंदीचे दिवस वाढवावेत की नाही, यावर मतभेद राहतील. पण त्याआधीच्या तीन महिन्यांबाबत काही गोष्टी नव्या कायद्याविना होऊ शकतात. जानेवारी ते मे या काळात पर्ससीन आणि एलईडीविरोधी गस्त सर्वाधिक असावी. सध्या चर्चा तापते ती मेच्या अखेरीस. तपासणी समुद्रात जमत नसेल तर बंदरात करावी. किमान आकाराखालची मासळी लिलावातच रोखली तर ती पकडण्यात फायदा उरत नाही. प्रत्येक यांत्रिक नौकेच्या ठिकाणाची नोंद सक्तीची केली तर हद्दीचा वाद बराच मिटेल. डिझेलवरील कराचा परतावा नियम पाळण्याशी जोडता येईल. आणि बंदीच्या काळातली मदत एवढी असावी, की मेमध्ये कायदा मोडण्यावाचून पर्याय नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

ग्राहकाच्या हातीही थोडे आहे. शहरातल्या दुकानात फोनपेक्षा आखूड पापलेट ‘स्वस्त’ म्हणून पुढे केला जाईल तेव्हा तो घेऊ नये. सुकट घेताना त्यात पापलेट, सुरमईसारख्या मासळीची पिल्ले दिसली तर विक्रेत्याला विचारावे. दुसरबीडच्या बाजारातल्या एका गिऱ्हाइकाने समुद्रातले जाळे बदलणार नाही, हे खरे. पण ज्या मालाला गिऱ्हाईक नाही, त्यासाठी कोणी रात्रभर डिझेल जाळत नाही.

३१ जुलैला बंदी उठते आणि नौका पुन्हा समुद्रात उतरतात. त्या दिवशी जाळ्यात काय येणार, हे बरेचसे होळी ते मे या काळातल्या मासेमारीवर ठरलेले असते.